सातव्याचा नवरा सहाव्यावर

लाई पाओ-चूचा नवरा सातव्या मजल्यावर राहत होता, पण रोज संध्याकाळी घरी यायचा तो सहाव्या मजल्यावर. निदान पाओ-चूचा मोबाइल तरी तसं सांगत होता. नदीकाठच्या बागेत ती बायकांच्या रांगेत व्यायामाला उभी असायची. साडेसहाच्या सुमारास कमरेच्या पिशवीत मोबाइल थरथरायचा आणि त्यावर अक्षरं उमटायची : 'लाई तेंग-फा, सहावा मजला, सुखरूप पोचले.'

पहिल्या दिवशी तिने दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांचा डावा हात वर गेला तेव्हा हिचा उजवा गेला. तिसऱ्या दिवशी तिने व्यायाम अर्ध्यावर सोडला आणि बाकावर बसून नीट विचार केला. सुखरूप पोचले हे ठीक आहे, पण कुणाकडे?

इमारत चिंचोळी होती, एका मजल्यावर एकच घर. त्यामुळे 'कुणाकडे' या प्रश्नाला उत्तरही एकच होतं. सहाव्या मजल्यावर फांग युए-श्या राहायला आली होती, नव्या वर्षाच्या सणाआधी. नवरा वारलेला, मुलगा ताओयुआनला. केस कुरळे करून घेतलेले, गॅलरीत ऑर्किडच्या कुंड्या टांगलेल्या आणि दुपारी दार उघडं टाकून मोठ्याने गाणी म्हणायची सवय. लिफ्टमध्ये भेटली की ती सगळ्यांकडे बघून हसायची. आजवर पाओ-चूला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. आता तिला आठवलं की तेंग-फाकडे बघून ती जरा जास्तच हसते.

'सुखरूप' ही योजना ज्येन अध्यक्षांची. चुंग-हो उपनगरातल्या त्यांच्या अंगणात इमारती दोन, पुढची आणि मागची, आणि दोन्हींवर मिळून रहिवाशांची समिती एक. ज्येन साहेबांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या खरेदी खात्यात गेली होती, पण निवृत्त झाल्यावर आपण खरे इंजिनिअरच होतो, असं त्यांना आठवायला लागलं. घरातल्या माणसाने दाराला कार्ड लावलं की घरच्या दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवर सूचना जायची. म्हातारी माणसं घरी पोचली का, मुलं शाळेतून आली का, हे कळावं म्हणून. हेतू उत्तम होता. उत्तम हेतूने माणूस जेवढा गोंधळ घालू शकतो तेवढा वाईट हेतूने घालू शकत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

या सगळ्याच्या मुळाशी प्रत्येक इमारतीच्या तळघरातली पुस्तकाएवढी एकेक पेटी होती. प्रत्येक मजल्याच्या कार्डयंत्राची तार खाली येऊन तिच्या एकेका भोकात खोचलेली. तारेतून जे येईल ते उचलायचं आणि इंटरनेटवर चढवून द्यायचं, एवढाच तिचा धंदा. डिव्हाइस सर्व्हर म्हणतात तिला. दार उघडणं हे कार्डयंत्राचं काम, ते त्याचं ते करतं. कोण कुठे आलं याची चुगली करणं तेवढं पेटीकडे.

त्या वर्षीच्या वादळात मागच्या, म्हणजे पाओ-चूच्या, इमारतीच्या तळघरात पाणी शिरलं आणि तिथली पेटी बुडून मेली. नवी पेटी आली. ती विकणारा म्हणाला, आमचा माणूस येऊन सेटिंग करून देईल. ज्येन अध्यक्ष म्हणाले, माणूस कशाला हवा? त्यांनी संगणकावर पुढच्या इमारतीची पेटी उघडली, 'एक्स्पोर्ट'चं बटण दाबलं आणि तिची सगळी सेटिंग एका फायलीत उतरवून घेतली. मग मागच्या इमारतीची कोरी पेटी उघडली आणि 'इम्पोर्ट' करून तीच फाईल तिच्या गळ्यात घातली. पेटीने एकदाच विचारलं, फायलीतला नेटवर्कवरचा पत्ताही घेऊ का? अध्यक्षांनी ठामपणे 'नाही' दाबलं.

"इथेच भलेभले फसतात," असं ते पुढे आठवडाभर लिफ्टमध्ये, पायऱ्यांवर आणि कचऱ्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या रांगेत सांगत होते. "दोन पेट्यांना एकच पत्ता दिला की खेळ खलास. मी दिला? नाही दिला. एक फाईल, एक मिनिट, काम फत्ते."

दारं उघडत होती, दिवे लागत होते, सूचना जात होत्या. त्यामुळे पेटीवर संशय घ्यायचं कुणाला काही कारणच नव्हतं. आणि माणसावर संशय घ्यायला पाओ-चूला कारण लागत नसे.

तिचा दिवस ठरलेला होता. पहाटे नाश्त्याच्या दुकानात जाऊन दुपारपर्यंत अंड्याच्या पोळ्या उलटायच्या, दुपारी घरी येऊन झोपायचं, संध्याकाळी कचरा गाडीत टाकून बागेत जायचं. तेंग-फा चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होता. ती बागेत असताना तो घरी यायचा आणि भात लावायचा. ती परत आली की कार्ड लावायची नाही, बेल वाजवायची. नवरा घरात असेल तर दार त्याने उघडावं, असा तिचा लग्नापासूनचा दंडक होता.

त्या दिवशी त्याने दार उघडलं तेव्हा ती आत न येता उंबऱ्यातच उभी राहिली आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आज केव्हा आलास?"

"रोजच्यासारखाच."

"आणि कुठे आलास?"

"कुठे म्हणजे? घरी."

"कुणाच्या?"

तेंग-फाने मागे वळून घराकडे पाहिलं. भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो होता, विजेच्या कुकरचा दिवा लागलेला होता. "आपल्याच वाटतंय," तो म्हणाला.

हे उत्तर पाओ-चूला फारच तयारीचं वाटलं. तेंग-फा मुळात अबोल माणूस. एवढं लांब वाक्य तो सहसा बोलत नसे.

मग तिने हिशेब मांडला. सहाव्या मजल्याची सूचना येते, त्यानंतर सातव्याची येतच नाही. म्हणजे खाली कार्ड लावतो आणि वर येताना चोरासारखी किल्ली वापरतो. पण सहाव्याचं कार्ड याच्याकडे आलं कुठून? तिने दिलं असणार. आणि कार्ड देण्यापर्यंत मजल गेली, म्हणजे प्रकरण जुनं आहे! यिलानला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला तिने फोनवर हे सगळं सांगितलं.

"ताई, भावजी? अगं, त्यांना रस्ता ओलांडायला अर्धा तास लागतो," बहीण म्हणाली.

"तेच म्हणतेय मी. असल्याच माणसांचा भरवसा नसतो."

"मग विचार ना सरळ."

"विचारल्यावर खरं सांगेल? पुरावा हवा."

पुरावा आणायला ती दुसऱ्या दिवशी दुपारी चहात उकळलेली अंडी वाडग्यात घेऊन सहाव्या मजल्यावर गेली. दाराबाहेर चपलांच्या फळीवर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या रबरी सपाता होत्या. पुरुषी मापाच्या. पाओ-चूच्या हातातली अंडी वाडग्यात गडगडली.

"अय्या, पाओ-चू ताई! या ना आत," फांग ताई दार अर्धवट उघडून म्हणाली. उघडलेल्या अर्ध्यात मात्र ती स्वतःच पूर्ण उभी होती.

"नको, नको. घाई आहे. पाहुणे आलेत का कुणी?"

"पाहुणे? छे, कुणी नाही."

"नाही, सपाता दिसल्या."

"त्या होय?" फांग ताईने सपातांकडे अशा काही नजरेने पाहिलं की जणू त्या आपल्या पायांनी चालत आल्या होत्या. "त्या अशाच. एकट्या बाईने दाराबाहेर पुरुषाच्या सपाता ठेवाव्यात म्हणतात. चोर येत नाहीत."

पाओ-चू हसली, अंडी दिली आणि तावातावाने वर आली. आता त्या सपाता म्हणाल तर या अख्ख्या बेटावर प्रत्येक पुरुषाच्या पायात त्याच असतात. तशीच जोडी तेंग-फाची होती. ती तिच्याच दाराबाहेर जागच्या जागी होती, पण म्हणून संशय फिटतो असं थोडंच आहे? त्या रात्री तिने नवऱ्याच्या सपातांच्या तळाला नखांच्या लाल रंगाचा एकेक ठिपका दिला. तीन दिवस ती दुपारी दबक्या पावलांनी खाली जाऊन सहाव्यावरच्या सपाता उलट्या करून बघत होती. ठिपका नव्हता. दुसरी कुणी बाई असती तर सुटकेचा निःश्वास टाकून मोकळी झाली असती. पाओ-चूने निष्कर्ष काढला, की याने तिथे ठेवायला वेगळी जोडी घेतली आहे.

तिला रडू आलं ते मात्र खरं होतं. पंचवीस वर्षं ज्याच्या डब्यात भाताखाली अंडं लपवून दिलं, तो माणूस घरी यायच्या आधी दुसरीकडे सुखरूप पोचत होता. तिने कपाटावरची बॅग खाली काढली, दोन झग्यांएवढी जागा असलेल्या त्या बॅगेत चार झगे, उशी आणि सासूने दिलेली सोन्याची अंगठी भरली आणि बॅग पलंगाखाली सरकवून ठेवली. रविवारपर्यंत काही उलगडा झाला नाही तर सोमवारी यिलानची बस धरायची, असं तिने ठरवून टाकलं.

उलगडा व्हायचा तो पाचव्या मजल्यावरून सुरू झाला. तिथे त्साओ गुरुजी राहत. शाळेत मुलांची अक्षरं वळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आता एकटेच होते. त्यांची मुलगी हुई-च्यून काओशुंगला. तिला रोज 'त्साओ गुरुजी, पाचवा मजला, सुखरूप पोचले' अशी सूचना यायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. वादळानंतर सूचना बंद झाली ती झालीच.

"बाबा, कुठे आहात?" तिने फोन केला.

"घरी."

"कुणाच्या घरी?"

"माझ्या. कुणाच्या म्हणजे काय?"

"बाबा, खोटं बोलू नका. तीन आठवडे तुम्ही घरी आलेला नाहीत. मला सगळं कळतं."

"मग मी आत्ता कुठे बसलोय, तेही सांग," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. बाप एरवी असा तुटक कधी बोलत नसे. हुई-च्यूनच्या मनात पाल चुकचुकली. बाबांना कुणीतरी कुठेतरी डांबून ठेवलंय, आणि शेजारी बसून जे सांगेल ते त्यांच्याकडून फोनवर बोलवून घेतंय! तिने ज्येन अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्षांनी तळमजल्यावरच्या संगणकात नोंदी पाहिल्या आणि त्यांचे डोळेच विस्फारले.

"ताई, तुमचे वडील घरी आलेले नाहीत, हे खरं आहे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पण घर रिकामं नाही. सहाव्या मजल्याच्या फांग ताई रोज तुमच्या वडिलांच्या घरात शिरतात."

हुई-च्यूनने सकाळची वेगवान गाडी पकडली.

अध्यक्ष मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. एकदा नोंदी वाचायची गोडी लागल्यावर त्यांना दिसलं, की फांग ताई जात असते पाचव्यावर, आणि तिच्या रिकाम्या घरात, सहाव्यावर, रोज संध्याकाळी लाई साहेब जातात. एवढं सापडल्यावर सहाव्याच्या बाकी नोंदी वाचायची त्यांना गरज वाटली नाही. सातव्यावर तर तीन आठवड्यांत चिटपाखरू फिरकलेलं नाही. एवढा सगळा प्रकार आपल्या नाकाखाली चालू होता! रविवारी सकाळी त्यांनी मागच्या इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांना तळमजल्याच्या दालनात बोलावलं. 'सुरक्षेचा गंभीर प्रश्न' एवढंच कारण दिलं होतं.

त्साओ गुरुजी सगळ्यांत आधी येऊन बसले. हुई-च्यून त्यांना मिठी मारून रडली. "कुणी ठेवलं होतं तुम्हाला, बाबा? घाबरू नका, सांगा."

"अगं, कुणी कशाला ठेवेल? माझ्या खाण्याचा खर्च किती!" गुरुजी म्हणाले.

"शांतता," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी मुद्दाम कोट घातला होता. "इथे कुणावर आरोप करायचा नाही. फक्त नोंदी काय म्हणतात ते पाहू. फांग ताई, तुम्ही रोज दुपारी आणि संध्याकाळी पाचव्या मजल्यावर का जाता?"

"मी?" फांग ताई ताडकन उठली. "म्हणजे माझ्या मुलाच्या कानात हे तुम्ही भरलंत होय! रोज फोन करून विचारतोय, आई, पाचव्यावर तुझं काय काम असतं? मी मेले तरी पाचव्यावर पाऊल टाकलेलं नाही. मी कशाला खाली जाऊ? गुरुजीच वर येतात!"

फांग ताई बोलायचं ते बोलून गेली होती. गुरुजींनी खाली वाकून आपल्या निळ्या-पांढऱ्या सपातांचे पट्टे नीट करायला घेतले.

"बाबा?" हुई-च्यून म्हणाली.

"बुद्धिबळ," गुरुजी सपातांकडे बघत म्हणाले. "दुपारी. ताई बरं खेळतात."

पाओ-चूला मात्र या खुलाशात काडीचा रस नव्हता. सपातांचा मालक सापडला होता, तरी तिचा प्रश्न जिथल्या तिथे होता. उलट आता तर तो जास्तच चिघळला. दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरा!

"ते बुद्धिबळ राहू दे बाजूला," ती म्हणाली. "अध्यक्ष, यांना विचारा. संध्याकाळचं विचारा."

"लाई साहेब," अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "सरळ सांगा. सहाव्या मजल्यावर तुम्ही गेला होतात की नाही?"

तेंग-फाने एकदम 'नाही' म्हणायला हवं होतं. तो 'नाही' म्हणाला असता तर पाओ-चूने त्यावर विश्वास ठेवला नसता, पण निदान भांडता तरी आलं असतं. त्याने मात्र एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे पाहिलं आणि त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

इतके दिवस ज्याचा पुरावा शोधत होतो ते खरं निघू नये, अशी आपलीच केवढी इच्छा होती, हे पाओ-चूला त्या क्षणी कळलं.

"माझ्या घरी? हे?" फांग ताई किंचाळली. "अहो, मला यांचं नावसुद्धा धड माहीत नाही!"

"नोंद आहे, ताई," अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्या नोंदीला लागली आग!"

"हे बघा अध्यक्ष," गुरुजी उठत म्हणाले, "तुमच्या नोंदीप्रमाणे मी तीन आठवडे घरी गेलो नाही. मग आता जातो. तुम्ही इथे बसून बघा."

ते लिफ्टने वर गेले. सगळे संगणकाच्या पडद्याभोवती गोळा झाले. पडदा ढिम्म. थोड्या वेळाने जिन्यातून गुरुजींची हाक ऐकू आली, "लावलं कार्ड! दार उघडलं!"

"नोंद नाही," अध्यक्ष जिन्यात तोंड घालून ओरडले. "तुम्ही घरी आलेला नाही!"

"अहो, मी माझ्या दारात उभा आहे!"

"नोंद तसं म्हणत नाही, गुरुजी!"

"थांबा," पाओ-चू म्हणाली. तिच्या मनात वेगळाच संशय आला होता. ही सगळी मंडळी आतून एक आहेत! गुरुजी वरती गेले आणि कार्ड न लावताच ओरडले, म्हणजे उद्या नोंदी खोट्या ठरवून सगळेच मोकळे. "कुणी कुठे जायचं नाही. मी जाते. माझं कार्ड, माझं दार आणि माझा हात. तुम्ही फोन चालू ठेवा आणि दिसेल ते मोठ्याने वाचा."

ती तरातरा लिफ्टमध्ये शिरली. सातव्यावर उतरली, दारावरचा सात आकडा बोट लावून तपासला, जोरात श्वास घेतला आणि कार्ड लावलं. कुलूप खट्कन उघडलं.

"वाचा ना!" ती म्हणाली.

"वहिनी," अध्यक्षांचा आवाज चाचरत आला, "लाई पाओ-चू... सहावा मजला... सुखरूप पोचल्या."

"कोण?"

"तुम्ही."

"मी? त्या बाईच्या घरी? मी मेले तरी जाणार नाही!"

"पण गेल्या आहात, वहिनी. इथे स्पष्ट दिसतंय."

खाली तेंग-फाच्या खिशातही काहीतरी थरथरलं. त्याने खिशावर हात ठेवला, पण मोबाइल बाहेर काढला नाही.

मग मात्र हुई-च्यूनने विचारायला हवा तो प्रश्न विचारला. "अध्यक्ष, वादळानंतर या यंत्रणेला हात कुणी लावला होता?"

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ज्येन अध्यक्षांना एक फाईल आणि एक मिनिटाची गोष्ट सांगावीशी वाटली नाही.

सगळी वरात आधी पुढच्या इमारतीच्या तळघरात गेली. तिथली पेटी उघडून बघितली तर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या भोकात तारा होत्या, चौथं भोक रिकामं होतं आणि पाचव्यापासून पुढे परत तारा. याचं कुणालाच नवल वाटलं नाही. चार हा आकडा मरणाचा; इथल्या भाषेत दोन्हींचा उच्चार जवळजवळ सारखाच. दोन्ही इमारतींत चौथा मजलाच नाही, तिसऱ्यानंतर एकदम पाचवा येतो. तेव्हा शहाण्या माणसाने कुणाच्या घराची तार चौथ्या भोकात खोचायची नसते. पाचवा मजला पाचव्या भोकात, सहावा सहाव्यात, आणि फायलीतही तशीच नावं लिहिलेली. चौथ्यासमोर लिहिलं होतं : बंद.

मग वरात मागच्या इमारतीच्या तळघरात आली. तिथे तारा खोचणारा मिस्त्री घाईत होता, किंवा नास्तिक होता. त्याने एकामागून एक, ओळीने खोचल्या होत्या. पाचवा मजला चौथ्या भोकात. सहावा पाचव्यात. सातवा सहाव्यात. जुन्या पेटीला ते माहीत होतं, पण ती आपल्याबरोबर ते घेऊन बुडाली. नव्या पेटीला पुढच्या इमारतीचं शहाणपण पाजलं होतं. त्यामुळे गुरुजींची तार 'बंद'मध्ये पडली होती, फांग ताई गुरुजींच्या नावावर जमा होत होती आणि लाई कुटुंब फांग ताईच्या.

"चौथ्यात?" अध्यक्षांनी कपाळावर हात मारला. "गुरुजींच्या घराची तार चौथ्यात खोचली त्या माणसाने? मग दुसरं काय होणार? माझी फाईल अगदी बरोबर होती. ही इमारतच चुकीची आहे!"

"म्हणजे इतके दिवस मी चौथ्यात राहत होतो," गुरुजी हळूच म्हणाले. "तरी म्हटलं, गुडघे का दुखतायत."

तिन्ही तारा एकेक भोक पुढे सरकवून खोचल्या. अध्यक्षांना त्यानंतर, सावधगिरी म्हणून, सगळं पुन्हा एक्स्पोर्ट करून ठेवायचं होतं. ते त्यांना करू दिलं. इम्पोर्ट या शब्दासाठी तोंड उघडलं तेव्हा मात्र फांग ताईने हात धरून त्यांना संगणकासमोरून उठवलं. मग हुई-च्यूनने तिची माफी मागितली. "माफी राहू दे. जेवून जा, वडिलांबरोबर," फांग ताई म्हणाली, आणि पाचवा आणि सहावा मजला एकाच लिफ्टने सहाव्यावर गेले.

पाओ-चू आणि तेंग-फा घरी आले. दारात त्याने कार्ड लावलं. तिच्या मोबाइलवर आलं : 'लाई तेंग-फा, सातवा मजला, सुखरूप पोचले.' ते वाचून तिला इतकं बरं वाटलं की तिने ते दोनदा वाचलं. पण बरं वाटून घ्यायची तिला सवय नव्हती. पेटी चुकली, मान्य. मग खाली विचारलं तेव्हा याचे कान लाल का झाले?

आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात आली. त्याच्या सूचना हिला येत होत्या, तशा हिच्या सूचना त्याला जात असणार.

"मोबाइल दे तुझा."

त्याने मुकाट्याने दिला. ती वरून खाली बघत गेली. लाई पाओ-चू, सहावा मजला. लाई पाओ-चू, सहावा मजला. वादळानंतरच्या प्रत्येक दुपारी ती, साक्षात पाओ-चू, दुसऱ्याच्या घरी सुखरूप पोचत होती.

"तीन आठवडे?" तिचा आवाज चढला. "बायको रोज दुपारी परक्या मजल्यावर जातेय, हे तुला तीन आठवडे कळत होतं? आणि तू एका शब्दाने विचारलं नाहीस? काहीच वाटलं नाही तुला?"

"वाटलं ना," तेंग-फा म्हणाला.

"काय वाटलं?"

तो खुर्चीवर बसला. उठला. परत बसला. "मी विचारायलाच आलो होतो. एकदा. जेवायच्या सुट्टीत. जिन्यात होतो तेव्हाच सूचना आली. सहावा मजला. मग सहाव्याच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. बेल वाजवणार होतो."

"मग?"

"आतून हसण्याचा आवाज आला. बाईचा. पोट धरून हसावं तसा. मला वाटलं, तूच. घरी तू एवढी हसत नाहीस." त्याने मान खाली घातली. "म्हटलं, हसतेय तर हसू दे. आपण बेल वाजवली की थांबेल. मग तसाच कारखान्यात परत गेलो."

पाओ-चू उभीच राहिली. या माणसाच्या सपातांना तिने ठिपके दिले होते. या माणसाला सोडून जायला तिने बॅग भरली होती, आणि हा भूक मारून, तिचं हसू मोडू नये म्हणून, पाऊल न वाजवता जिना उतरून गेला होता. तिला काहीतरी फार चांगलं बोलायचं होतं. तसं बोलायची सवय नसल्याने तोंडाला जे येतं तेच आलं.

"म्हणजे सहाव्यावर गेला होतास!"

"हो," तेंग-फा म्हणाला. "म्हणून तर खाली 'नाही' म्हणता येईना."

ती स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला, बराच वेळ उगाच सोडून ठेवला, मग तोंड धुऊन बाहेर आली. डोळे लाल होते, आवाज मात्र नेहमीसारखा करडा काढला.

"उद्यापासून जेवायच्या सुट्टीत घरी यायचं," ती म्हणाली. "हसायचं काय ते मी बघते. आणि येताना सहाव्यावर थांबायचं नाही."